ऑक्टोबरच्या पानावरची लाकडी वस्तू

अबुधाबीच्या आमच्या स्वयंपाकघरात दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी टांगलेली असत. एक पुण्याहून आणलेलं, तिथी आणि चतुर्थ्या दाखवणारं. दुसरं तुमच्या आजोबांना कुठल्यातरी कंपनीकडून फुकट मिळालेलं. ईदची सुट्टी कधी ते पाहायला त्याचा उपयोग होई. तुमची आई बारावीत होती, त्या वर्षीचं फुकटचं कॅलेंडर इजिप्तमधल्या एका कंपनीचं होतं. दर महिन्याला थडग्यांतून निघालेल्या एखाद्या पुरातन वस्तूचं मोठं रंगीत चित्र. सप्टेंबरपर्यंत मांजर, हार, होडी असं सगळं ओळखीचं होतं. मी ऑक्टोबरचं पान उलटलं आणि जेवायला बसलेल्या आजोबांचा घास हातातच राहिला.

चित्रात लाकडाची एक चपटी, लांबट वस्तू होती, एका टोकाला वळलेली. तिच्यावर सोळा पाकळ्यांचं एक फूल कोरलं होतं आणि फुलाभोवती टोकेरी नागमोडी रेघ फिरली होती. खाली अरबीत दोन ओळी. आम्हाला अरबी अक्षरं दुकानांच्या पाट्यांपुरतीच येत, म्हणून मी शेजारणीला हाक मारली. ती इजिप्तची, शाळेत अरबी शिकवणारी, आणि समोरच्याच फ्लॅटमध्ये राहणारी. इजिप्तची मुलं शेजारणींना ‘तांत’ म्हणतात, त्यामुळे तुमची आईही तिला तांतच म्हणे. तिने चष्मा लावून वाचलं: एका राजाच्या बांधकामप्रमुखाच्या थडग्यात सापडलेली वस्तू, बहुधा मोजमापाची, नेमका उपयोग अज्ञात. मग ती आजोबांना म्हणाली, तुम्ही जमीन मोजता, तुम्हीच सांगा आता.

आजोबांना तेवढं पुरे होतं. ते सर्व्हेअर. सकाळी वाळूत उभं राहून, इमारतीचा कोपरा नक्की कुठे येणार ते ठरवणं हे त्यांचं काम. त्यांनी लगेच निकाल दिला की हा कोनमापक आहे. फुलाच्या पाकळ्या म्हणजे कोन, नागमोडी रेघ म्हणजे आणखी बारीक कोन, संपलं.

“मला नाही वाटत,” तुमची आई म्हणाली.

एरवी ही गोष्ट आमटीबरोबर संपली असती. पण त्या दिवसांत आमच्या घरात एक वेगळाच वाद धुमसत होता. तुमच्या आईला आर्किटेक्चरला जायचं होतं. आजोबांच्या मते शहाण्या मुलीने कॉम्प्युटरला जावं. आर्किटेक्ट मंडळींवर त्यांचा फार जुना राग होता. ते एसीत बसून कागदावर सुंदर रेघ मारतात, ती रेघ वाळूत कुठे येते ते उन्हात मला शोधावं लागतं, आणि ती शेजारच्या प्लॉटमध्ये निघाली की चूक माझीच, असं ते नेहमी सांगत. प्रवेशाचे अर्ज नोव्हेंबरात मागवायचे होते. तेव्हा आजोबा त्या पानाकडे बोट करून म्हणाले, “हे पण एका आर्किटेक्टचंच सामान आहे. पान उलटायच्या आत काय आहे ते सांग मला. पटलं तर जा आर्किटेक्चरला, मी एक शब्द बोलणार नाही.”

ते थट्टेत बोलले होते. तिने मात्र ताटावरून उठून हात धुतले आणि त्यांच्यापुढे हात धरला, टाळी द्या म्हणून. त्यांना टाळी द्यावी लागली.

पुढचा शुक्रवार आजोबांनी प्लायवुड कापण्यात घालवला. चित्राबरहुकूम त्यांनी ती वस्तू बनवली, पाकळ्या पेनाने काढल्या आणि मधोमध ओळंबा बांधला. मग ते घरभर कोन मोजत हिंडले. खिडकीची चौकट मोजली, दिवाण मोजला, समोर जाऊन शेजारणीच्या भिंतीवरचं तिच्या गावाचं चित्रही सरळ करून आले. शेवटी माझ्या स्वयंपाकघरात येऊन त्यांनी जाहीर केलं की ओट्याला अर्ध्या पाकळीचा उतार आहे.

तुमची आई डायनिंग टेबलावर अभ्यास करत होती. तिने मान वर न करता विचारलं, “अर्धी पाकळी म्हणजे किती?”

“म्हणजे थोडा.”

“तीनशे साठ भागिले सोळा, त्याचं अर्धं. सव्वाअकरा अंश, बाबा. आईचे बटाटे गडगडत दारापर्यंत जातील.”

मी एक बटाटा ओट्यावर ठेवला. तो जिथे ठेवला तिथेच राहिला. आजोबा म्हणाले, ओळंबा हलला असेल. पण संध्याकाळी ते मला हळूच म्हणाले की पोरीचं खरं आहे, देवळं बांधणारा माणूस एवढ्या जाड रेघांवर कोन मोजणार नाही. मी म्हटलं, मग तिला सांगा तसं. ते म्हणाले, छे, कोनमापक नाही एवढंच ठरलं, काय आहे ते कुठे ठरलंय? अट ती आहे.

अट तीच होती, आणि तिथे तुमची आई अडली. तिने शाळेच्या लायब्ररीतली इजिप्तवरची दोन्ही पुस्तकं पाहिली, त्यात पिरॅमिडशिवाय काही नव्हतं. तांतने कैरोला भावाला फोन करून विचारलं, तर त्याने ते पोळपाटासारखं काहीतरी असेल असं सांगितलं. आमच्या मराठी मंडळातल्या एका गृहस्थांना ते नक्षीचा छाप वाटला. माझ्या मते ती चकल्यांची थाळी होती, पण मला कुणी विचारलं नाही. तुमची आई रोज दूध पिताना त्या पानासमोर उभी राही. एकदा तिने मला विचारलं की वस्तूच्या कडेला ही बारीक रेघ दिसते ती कसली? आजोबा मागून म्हणाले, ओरखडा असेल, इतकं जुनं लाकूड आहे. महिना संपत आला होता आणि तिचं जेवण कमी झालं होतं, हे मला दिसत होतं. पण दोघांच्या टाळीत मी पडले नाही.

दिवाळी त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस आली. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मी गॅलरीतली पेटी काढली. सागवानी, पितळी कडीची, चामड्याचा पट्टा लावलेली लांबट पेटी. आजोबांच्या पहिल्या नोकरीतलं, जमिनीचा चढउतार मोजायचं लेव्हल मशीन तिच्यात असे. मशीन केव्हाच मोडीत गेलं, पण पेटी टाकवेना, म्हणून मी तिच्यात रांगोळीचे रंग ठेवत असे. प्रत्येक डबीवर रंगाचं नाव लिहिलेलं, पांढरी सर्वांत मोठी. आमच्या दारात रांगोळी काढायला मी पेटी घेऊन बसले तेवढ्यात तांत भाजी घेऊन लिफ्टमधून उतरली, आणि पेटीकडे बघत तिथेच उभी राहिली.

तिचा चेहरा पडलेला पाहून मी विचारलं काय झालं. तेव्हा कळलं की आम्ही या इमारतीत राहायला आलो त्या दिवशी आजोबा ही पेटी खांद्याला लावून, तान्ह्या बाळासारखी सांभाळत जिना चढले होते. लिफ्टमध्ये कुणाचा धक्का लागेल म्हणून. तिने ते पाहिलं आणि घरात सांगितलं की समोर एक वादक राहायला आलाय. इतकी वर्षं ती वाट पाहत होती. नवऱ्याला म्हणे, फार मोठा कलाकार असणार, म्हणून कुणासमोर वाजवत नाही.

“मी माझ्या मुलांना दुपारी गोंधळ करू देत नसे,” ती म्हणाली, “उस्ताद झोपले असतील म्हणून. आणि आत हे आहे? हळद-कुंकू?”

मी हसून हसून भिंतीला टेकले. आवाजाने तुमची आई बाहेर आली. तिने तांतचं सगळं पुन्हा एकदा ऐकून घेतलं, पण ती हसली नाही. खाली बसून तिने पेटीतल्या डब्या एकेक करून बाहेर काढल्या. तळाशी मशीनच्या आकाराच्या खाचा कोरलेल्या होत्या, दुर्बिणीची लांब आणि तिवईवर बसणाऱ्या बैठकीची गोल. डब्या त्यांत नेहमी तिरप्या बसत, म्हणून मी खाली वर्तमानपत्र घालत असे. तिने खाचेतून बोट फिरवलं. मग पेटी बंद करून झाकणाचा जोड पाहिला, आणि उठून सरळ स्वयंपाकघरात गेली.

संध्याकाळी आजोबा आले तेव्हा कॅलेंडर भिंतीवरून उतरवून टेबलावर ठेवलेलं होतं, शेजारी त्यांचं भिंग आणि ती पेटी. त्यांनी बूटही काढले नव्हते.

“बाबा, हा ओरखडा नाही,” ती म्हणाली. “बघा, सगळ्या कडेने जातो. हा झाकणाचा जोड आहे. आपण सगळे वरची नक्षी मोजत बसलो. नक्षी नुसती शोभेची आहे. ती वस्तू म्हणजे पेटी आहे. मोजायचं जे काही होतं, ते आत होतं.”

आजोबांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. पानाला एका बाजूने दिवा धरून पाहिलं. मग विचारलं, “आत काय होतं?”

“ते मला माहीत नाही. एक बाजू लांब, टोकाला वळलेलं असं काहीतरी. आतली खाच दिसली असती तर सांगता आलं असतं. चित्रावरून नाही सांगता येणार.”

मला वाटलं, आता ते अटीवर बोट ठेवणार. तुमच्या आईलाही तेच वाटलं असावं, कारण ती टेबलाची कड घट्ट धरून उभी होती. आजोबा खुर्चीत बसले, एक बूट काढला आणि तो हातात तसाच धरून म्हणाले, “वीस वर्षं मी साइटवर आर्किटेक्ट बघतोय. बाहेरून कसं दिसणार हे सगळे सांगतात. आत काय बसवायचंय, हे आधी विचारणारा एक नाही भेटला मला.” मग दुसरा बूट काढला. “ही रोज खांद्यावर घेऊन फिरत होतो मी. मलाच दिसलं नाही. खलास. अर्ज मागव.”

महिना संपायला अजून चार दिवस होते, तरी त्यांनी स्वतःच्या हाताने नोव्हेंबरचं पान उलटलं. त्यावर एक बदक होतं. आजोबा म्हणाले, याच्यावर कुणाची शंका नको.

पुढच्या जूनमध्ये तुमची आई पुण्याला निघाली तेव्हा पट्ट्या, पेनं आणि रंग ठेवायला तिने तीच पेटी मागून घेतली. माझी रांगोळी प्लॅस्टिकच्या डब्यात गेली. तांतने निरोप देताना पेटीवर टिचकी मारली आणि म्हणाली, “यल्ला, चल, तू तरी काहीतरी वाजव.” मुंबईच्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने ती पेटी पाहून बरोबर गेलेल्या आजोबांना विचारलं, “बाजा है क्या?” ते अजूनही शपथेवर सांगतात की त्यांनी ‘हो’ म्हटलं नव्हतं, नुसती मान हलवली होती.

कॉलेजात गेल्यावर तिने जाड पुस्तकं धुंडाळली. ते तराजू ठेवायचं खोकं असावं, असं पुष्कळ जाणकारांना वाटतं, आणि काहीजण अजून कोनमापकाचाच हट्ट धरून आहेत, असं तिने कळवलं. आजोबांना त्या काहीजणांबद्दल फार जिव्हाळा वाटला.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, खेळण्यातल्या गाड्या ठेवतो त्या जुन्या पेटीला आत असे विचित्र खड्डे का आहेत. म्हणून हे लिहिलं. लाल बस लांब खाचेत अगदी बरोबर बसते, हे तुमचं वाक्य मी आजोबांना सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, बसची लांबी किती आहे? पट्टीने मोजून कळवा. अंदाजाने नको.