कोकमाच्या तेलाचा गोळा

परवा दुकानात कोकमाच्या तेलाचा पिवळट गोळा हातात घेतला आणि त्याच्या वासाने ऐंशीच्या दशकातली आमची चूल आठवली.

मी रत्नागिरीला कॉलेजात होतो, आमच्या घरातला पहिलाच. खोलीतला अँथनी मला त्याच्या गिटारवर सी, जी आणि डी मेजर या कॉर्ड शिकवत होता. नीट जमलं, तर गॅदरिंगला मला सोबत घेणार होता. तारांनी सोललेली बोटं आता कुठे घट्ट होऊ लागली होती.

रविवारी गावी गेलो, तेव्हा आईने ती पाहिली.

"मेल्या, कॉलेजात विळा धरायला लावतात काय रे?"

तिने गोळा निखाऱ्यापाशी धरून मऊ केला आणि टाचांच्या भेगांना लावतात तसं तेल माझ्या बोटांत जिरवलं. मला नको म्हणता आलं नाही.

सोमवारी डी धरताना मऊ पडलेली बोटं तारेवरून घसरली. "घट्टे कुठे घालवलेस?" अँथनी हसला. गॅदरिंगला त्याने दुसऱ्याला घेतलं.

तेव्हा फार वाईट वाटलं होतं. आज मात्र आईच्या खरखरीत अंगठ्याची ऊब तेवढी आठवते.

त्याच्या पुढच्या रविवारी गावी गेलो, तेव्हा तिने विचारलं होतं, "आराम पडला ना?"

"हो," म्हणालो, आणि हात पुन्हा तिच्यापुढे केला.