समोरची टाळी

परभणीच्या मोंढ्यातलं माझं सोयाबीनचं गोदाम साठच्या दशकात कव्वालीचा नावाजलेला हॉल होता. एक म्हातारा रोज दुपारी यायचा. चपला दाराबाहेर काढून कोपऱ्यात बसायचा, एक टाळी द्यायचा आणि मान तिरकी करून ऐकायचा. मग हसून दुसरी.

एकदा वैतागून मी विचारलं, "चाचा, कोणासाठी वाजवायलात?"

"कव्वालाच्या मागं टाळी द्यायला मी अन् माजा जोडीदार समोरासमोर बसायचो. त्यो आजूनबी टाळी द्यायलाय. तुमी मधी उभे ऱ्हायलात, जरा सरका."

मी बाजूला सरकलो.

गेला आठवडाभर तो आलेला नाही. काल त्याच कोपऱ्यात मी हातावर हात आपटून धूळ झटकली. भरल्या पोत्यांत आवाज घुमत नाही. तरी समोरून टाळी आली, आणि माझे हात आपोआप पुन्हा वर गेले.