रागावण्याची मुभा देणारे डॉक्टर

डॉ. मेश्रामसाहेबांच्या साठीनिमित्त चार ओळी लिहून द्या, असं गौरव अंकाच्या मंडळींनी सांगितलं तेव्हा अंगावर स्वेटर होते. आता कूलरला नवा वाळा बसवायची वेळ आली. लिहायला बसलो की कुणीतरी रामटेकला निघालेलं दिसायचं आणि मीही निघायचो. शाळेशी माझं सातवीनंतर पटलं नाही, तेव्हा शुद्धलेखन मंडळींनीच सांभाळावं.

साहेबांशी माझी पहिली ओळख पेशंट म्हणून झाली, म्हणजे तशी व्हायची होती. माझे थोरले बंधू वसंतदादा यांचं नागपुरात सक्करदऱ्याला घरातच शिवणकामाचं दुकान. आईवडिलांमागे दादा-वहिनींनीच मला वाढवलं. मी कधी संत्र्याच्या ट्रकवर बसून रायपूर गाठायचो, कधी दोन दिवस कुणाशी बोलायचो नाही. पोराचं डोकं फिरलं, असं वाटून दादांनी मला धरून साहेबांच्या मनोविकारांच्या दवाखान्यात नेलं.

"हा घडीत हसते, घडीत रुसते जी," दादा म्हणाले.

"काहून रुसला होता गा?" साहेबांनी मला विचारलं.

"दोस्तानं माही सायकल नेली अन् चाक वाकडं करून आणली."

"मंग?"

"मंग वहिनीनं झुणका केला. राग गेला."

"रायपूरहून आल्यावर काय केलं?"

"जेवलो. दुपारपर्यंत झोपलो."

साहेब हसले. दादा मात्र थांबेनात. माझी उत्तरंही तेच देऊ लागले. बोलणं माझ्यावरून सायकलवर, सायकलवरून स्वतःच्या होणाऱ्या कारखान्यावर, तिथून थेट दिल्लीवर. साहेबांनी हळूच खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"वसंतराव, तुम्ही कवा झोपले?"

"झोपून काय करू जी? आठवडा झाला, मशीन सुरूच आहे. सदरेच सदरे शिवून राहिलो. अख्ख्या नागपूरले पुरतील!"

"थकवा?"

"थकवा कसला? अंगात इंजीन आहे!"

याचंच तर आम्हाला कौतुक होतं! गिऱ्हाइकांनी पँटसाठी दिलेलं कापडही दादांनी सदऱ्यांसाठी कापलं होतं, तरी आम्ही म्हणत होतो, माणूस किती मेहनती!

साहेबांनी एका भेटीत शिक्का मारला नाही. दुसऱ्या दिवशी वहिनींना बोलावून मागचं सगळं विचारलं. आदल्या पावसाळ्यात दादांनी कित्येक आठवडे कात्री हातात धरली नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडून असायचे, जेवायलाही उठवावं लागे. आम्ही त्याला कावीळ समजून झाडपाला दिला होता.

वहिनींनी भीत भीत विचारलं, "मंग रुसवा कोन्ता अन् आजार कोन्ता, समजाचं कसं जी?"

साहेब म्हणाले, "बाई, रुसव्याले बहुतेक कारण असते, अन् झुणक्यानं तो जाते. आजार कोनाचं ऐकत नाही. दिवसच्या दिवस झोप नाही अन् तरी थकवा नाही, बोलणं धावते, माणूस आपल्या स्वभावाबाहेरचं करते. नाहीतर आठवडेच्या आठवडे उठवत नाही. त्याले उन्माद-खिन्नतेचा आजार म्हणते. यात कोनाचा दोष नाही. औषध आहे."

दादा सहजी ऐकले नाहीत. आधी गोळ्या फेकल्या, साहेबांनाही नको ते बोलले. साहेब ऐकून घेत आणि पुढच्या वेळी पुन्हा चहा मागवत. दादा सावरले, पण गिऱ्हाइकं 'पागल शिंपी' म्हणून दुकानापुढून निघून जात. एके दिवशी भर गर्दीत साहेब पँटचं कापड घेऊन दुकानात आले. दादांचे हात तेव्हा गोळ्यांनी थरथरायचे. पँटचा एक पाय अंमळ लांब झाला. साहेब तीच पँट घालून दवाखान्यात हिंडले आणि विचारील त्याला दुकानाचा पत्ता देत राहिले. पुढे रक्त तपासून त्यांनी गोळ्यांचं प्रमाण बसवलं, हातही थांबले.

मग वहिनींचं सुरू झालं. दादा हसले की त्या दचकत, रागावले की रडत. एकदा मी दुकानाची किल्ली हरवली आणि दादांनी मला गल्लीभर ऐकू जाईल असं झापलं. वहिनी मला घेऊन तशाच साहेबांकडे धावल्या.

"काहून ओरडले?" साहेबांनी विचारलं.

"यानं किल्ली हरवली जी."

"मंग मी तर दोन ठेवून दिल्या असत्या! बाई, लक्ष ठेवा, पण राग येऊ द्या त्याईले. आजार झाला म्हणून माणसाचा राग-लोभ जप्त होत नाही."

औषध पुष्कळ डॉक्टर देतात. माझ्या भावाला त्याचा राग परत देणारे साहेब एकच.

अशा साहेबांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांचे हातपाय, डोळे आणि मुख्य म्हणजे कान असेच शाबूत राहोत.

इथवर लिहिलं आणि दारात स्कूटर थांबली. कालपासून घरात जरा धाकधूक आहे. दादांची लेक नर्सिंगची परीक्षा पास झाली, तेव्हापासून दादा मशीनवर मोठ्यानं गाणी म्हणताहेत, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारताहेत. वहिनींनी सकाळी शेजाऱ्याहाती दवाखान्यात नुसता निरोप धाडला होता. साहेब स्वतःच आलेत! मशीनजवळ स्टुलावर बसून दादांचं सगळं ऐकून घेताहेत, मधूनच रात्रीच्या झोपेचं विचारताहेत; दादा सांगताहेत, पडल्या पडल्या डोळा लागला. वहिनी दाराला धरून उभ्या आहेत.

आत्ता साहेबांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"काहून वं बाई, पोरगी पास झाली अन् घरात पेढे नाहीत?"

वहिनी पदरानं डोळे पुसताहेत आणि मला हाक मारताहेत. मी निघालो पेढे आणायला.