मान डोलावणारे नाना

आमच्या घरातले दोन कमावते पुरुष धरणगावात कापसाच्या जिनिंगवर कामाला होते. जिनिंगने माझ्या वडिलांची छाती घेतली आणि थोरल्या काकांचे, म्हणजे नानांचे, कान. वडील गेले. नाना उरले, पण ऐकू येईनासं झालं. आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची. मी दोन ड्रेसवर बारावी काढली. नातेवाइकांनी हळहळ भरपूर दिली. द्यायला ती स्वस्त पडते.

नाना बहिरे आहेत हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. घराबाहेर कोणालाच माहीत नाही असं फक्त नानांना वाटायचं. लग्नकार्यात ते पुढे बसत, दर दोन वाक्यांना मान डोलावत, लोक हसले की हसत. ‘नाना, कशाला हसलात?’ असं मी एकदा मोबाइलवर लिहून दाखवलं. म्हणाले, “बठ्ठा हासतस, मंग आपण बी हासी लेवानं. फुकट शे.”

शिबिरात त्यांना कानाचं मशीन मिळालं होतं. ते खिशातच असायचं. मंडपात त्यातून बँड, भांडी आणि पाहुणे एकाच आवाजात बोलत म्हणे. पाहुण्यांचं तरी काय अडत होतं? बहिऱ्या माणसाशी बोलायला आमच्या भाऊबंदांकडे एकच विषय: “नाना, जेवले का?” तो कानात ओरडायचा आणि पुण्य कमावल्यासारखं पुढे सरकायचं.

हेच भाऊबंद व्हॉट्सॲपवर मात्र नानांचे भक्त. तिथे नाना ऐकत नसत, वाचत. जमिनीच्या मोजणीपासून नातवाच्या तापापर्यंत सगळे सल्ला विचारत आणि नाना सातवी पास अक्षरांत ऐसपैस उत्तर देत. समोर पाणी न विचारणारे ग्रुपवर हात जोडत. “मोबाइलमा मी सरपंच,” नाना म्हणायचे, “मंडपमा खुर्ची.”

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना मेहरूणमध्ये मुलाच्या घरी माझ्या लग्नाची बैठक बसली. वडिलांच्या जागी नाना. मुलाचे काका, आबा, म्हणाले, “लग्न आखाजीच्या सणाआधी करू. पोरीने परीक्षेचं सोडून द्यावं. सुनेला कोण पेपर सोडवायला लावतं?” नानांनी मान डोलावली. आमच्याकडे बैठकीत थोरल्याची मान हलली म्हणजे शब्द दिला. लगेच साखर वाटली. आतल्या खोलीत मी तोंडात साखर धरून रडत होते.

परतीच्या एसटीत नाना शेजारीच बसले होते. मी त्यांना मोबाइलवर लिहिलं, ‘नाना, माझं कॉलेज का सोडायला लावलं?’ त्यांनी तीनदा वाचलं. मग विचारलं, “कोनी सांगं?” मी लिहिलं, ‘तुम्हीच हो म्हणालात.’

पाळधीला नानांनी गाडी थांबवायला लावली आणि उतरून परत मेहरूणची वाट धरली. आई म्हणत होती, “जाऊ द्या, नाना. शब्द दिला, शोभा होईल.” त्यांना ऐकू आलं नाही. आलं असतं तरी ऐकलं नसतं.

आबांच्या ओट्यावर अजून माणसं बसलेली होती. इतकी वर्षं लपवलेली गोष्ट नानांनी त्या परक्या माणसांसमोर सांगितली: “आबा, माले आयकू येत नही. मी नुसती मुंडी हालाडी. तो मन्हा शब्द नही.” कोणीतरी हसलं. या वेळी नाना हसले नाहीत. त्यांनी मोबाइल आबांच्या हातात दिला. “पोरले शिकू देवानं नही, हाई आठे लिखी द्या. मी ग्रुपवर टाकस.”

आबा एका बोटाने टाइप करायला बसले. दोन अक्षरं लिहिली, पुसली. पुन्हा लिहिली, पुसली. बैठकीत खणखणीत बोललेलं वाक्य लिहायची वेळ आली तेव्हा त्यांना एकदम चष्मा सापडेना. शेवटी लिहिलं, ‘तारीख परीक्षेनंतर धरू.’ नानांनी ते मोठ्याने वाचलं आणि तिथेच ग्रुपवर टाकलं. भाऊबंदांचे अंगठे लगेच आले. एवढे समजूतदार भाऊबंद आपल्याला आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर नाना मंडपात कोणाचं कळलं नाही तर सरळ मोबाइल पुढे करत, “लिखी द्या.” बरेच जण लिहायचा कंटाळा करून उठून जात. जे बसत, त्यांच्याशी नाना तासभर बोलत. असे दोघे-तिघेच होते.

नाना गेल्या वर्षी गेले. जाण्याआधी माझा निकाल त्यांनी स्वतः वाचला. मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली.