पलटणमामांचा दारूगोळा

'दारूगोळा' हा शब्द कुणी वावगा वापरला, की पलटणमामा जेवत्या ताटावरून उठून यायचे. खोटं नाही सांगत. भवानी पेठेत आमच्या समोरच राहायचे. सन चौदाच्या मोठ्या लढाईत, दूर अरबांच्या मुलखात, बसऱ्याला पलटणीची खेचरं हाकून आलेले. दिवाळीत पोरं ओरडली, "मामा, आमचा दारूगोळा बघा!" की झालंच.

"फटाकडी म्हना! दारूगोळा म्हंजी तोफंचा गोळा, बंदुकीची गोळी, बारूद, बाँब. लढाईत उडवून संपतंय ते समदं. बंदूक त्यात न्हाय. दारूगोळ्याबिगर बंदूक म्हंजी काठी की!"

एकदा सभेत एक वकीलसाहेब रंगात येऊन म्हणाले, "विचारांचा दारूगोळा आमच्यापाशी आहे!" मामा मागनं उभे. "सायेब, विचारानं खेचर मेल्यालं म्या तरी बघितलं न्हाय." सभा हसून आडवी.

मी त्यांची नक्कल करायचो. छाती पुढं, हातात नसलेला लगाम. मामी पदर तोंडाला लावून हसायच्या. मामा म्हणायचे, "बेस करतोस. पर खेचर कुटं हाय? हां, तूच की!"

मग स्वराज्याची चळवळ पेटली आणि शहरात गोऱ्या सरकारचा लष्करी अंमल आला. हुकूम मोडला की फटके, नाहीतर तुरुंग. एका सकाळी पेठेच्या तोंडाला लष्कराची लॉरी थांबली, सोबत शिपाई आणि एक गोरा साहेब. तिच्यातल्या पेट्या चावडीत न्यायच्या होत्या. हवालदारानं दिसेल त्याला धरलं. मला धरलं, मामांना धरलं. मामांच्या कोटावरचा लढाईतला बिल्ला बघून तो खूश. "अरे, पलटनवाले! उठाओ चाचा, तुमको तो आदत है."

मामांनी एक पेटी जराशी कलती करून बघितली. "गोळ्या हायत. कुनासाठी?"

"शहर के वास्ते."

गिरणीतनं सुटलेली माणसं हातात डबे घेऊन भिंतीला चिकटून उभी होती. मामांनी पेटी सोडली. "बसऱ्यात म्होरं दुश्मन हुता. हितं म्होरं माजी गल्ली हाय. न्हाय उचलनार."

सरकारचा बिल्ला रोज राखेनं घासणारा माणूस हा! हवालदार हळूच म्हणाला, "चाचा, साहब देख रहा है. एक तो उठा लो." मामा हलले नाहीत. एका शिपायाच्या बंदुकीचा दस्ता पाठीत बसला. मामा गुडघ्यावर आले, उठले, पुन्हा तसेच उभे.

पेट्या शेवटी शिपायांनीच वाहिल्या. दुसऱ्या कुणाला सांगायचं हवालदारानं सोडून दिलं. रिकाम्या लॉरीत मामांना चढवलं, तेवढ्यात मामी अनवाणी धावत आल्या.

मामा वरनं ओरडले, "शेरडास्नी पानी दाव गं, उन्हं चढली!"

"व्हय," मामी म्हणाल्या. लॉरी हलली. "व्हय, दावते की... व्हय..." म्हणत त्या लॉरीमागं पळतच राहिल्या.