मशीनचा हात अन् नामदेवचा मोर

आमच्या दुकानात एक लाकडी स्टूल होतं. नखानं जरा खरवडलं की हिरव्याखाली पिवळा, पिवळ्याखाली लाल, असे जुने रंग निघत जायचे. किश्शांचंही तसंच. एक खरवडायला जावं, तर खालचा वर येतो!

दुकान इचोडा गावचं, हायवेवरचं. ट्रक रंगवायचे, पाट्या लिहायच्या. नामदेव रेघा मारायचा, मी आत रंग भरायचो. शाळेत मी गेलो नाही. माझ्यासाठी अक्षर म्हणजे रिकामं घर, त्यात रंग राहायला पाठवायचा, बस! ऐंशीच्या सालांपासून हेच चाललं होतं. नव्वदची सालं सरता सरता दोन गोष्टी एकदम झाल्या. नामदेवचा हात थरथरायला लागला, आणि दुकानात स्टिकर कापायची कॉम्प्युटर मशीन आली.

शेठ मनाचे चांगले, पण धंदा तो धंदा. म्हणाले, "नामदेवराव, पोळ्यापर्यंत पाहू. नाही जमलं तर घरी आराम करा."

त्या दिवशी नामदेवनं जेवणाचा डबा उघडलाच नाही.

*

मशीन चालवायला शेठचा पुतण्या अनिल हैदराबादहून शिकून आला. शेठाणीकाकूंनी मशीनची पूजा केली, तिच्या सरकत्या हातालाही कुंकू लावलं. पहिलं काम मावला गावच्या एका डॉक्टरच्या पाटीचं. पांढरं स्टिकर बाहेर आलं, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत कुंकवाची रेघ!

अनिलनं कपाळाला हात लावला. डॉक्टर मात्र खूश! "राहू द्या. पेशंटला वाटेल, इथं देवही बसतो."

*

अनिलला वाटलं, पात्याच्या जागी ब्रश बांधला तर मशीन रंगवेलसुद्धा. बांधला सुतळीनं. मशीननं झोकात रेघ ओढली. मधेच रंग संपला, तरी ती कोरडा ब्रश घासतच राहिली! डबीत बुडवायचं तिला कुठं ठाऊक? मग मीच स्टूल घेऊन बाजूला बसलो. ब्रश जवळ आला की रंग लावायचो.

नार्नूरचा एक कास्तकार पाटी न्यायला आला होता. बघतच राहिला. "काका, काय करून राह्यले?"

"घास भरवून राह्यलो, बाप्पा. बिनमायचं लेकरू हाय!"

*

हात थरथरतो म्हणून नामदेव बसून राहू नये, असं अनिललाही वाटायचं. त्यानं नामदेवला माऊस धरायला शिकवलं. नामदेव एक रेघ ओढायचा आणि सवयीनं माऊस खांद्यावरच्या फडक्याला पुसायचा. परत रेघ, परत पुसणं.

"काका, त्याले रंग नाही ना लागला!"

"मालूम हाय रे. पण आज नाही पुसला तर उद्या कडक होते."

*

पोळा तोंडावर आला. सलीम ड्रायव्हरला ट्रकच्या मागच्या फाळक्यावर मोर पाहिजे होता. नामदेवनं माऊसनं काढला. हाताची सगळी थरथर पिसाऱ्यात उतरली, एक रेघ सरळ नाही. स्क्रीनकडे बघून त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं आणि सावकाश घडी घालायला लागला.

"थांबा काका," अनिल म्हणाला, "एक बटन दाबलं की समदं सरळ होते."

तेवढ्यात बाहेर हॉर्न! सलीमला माल भरायची घाई. "जैसा है वैसा चिपकाओ, चाचा!"

मशीननं ती थरथर जशीच्या तशी कापली. फाळक्यावर चिकटवल्यावर मी पिसांत रंग भरला. सलीमनं गाडी सुरू केली, फाळका हादरायला लागला. सलीम खाली उतरून मागं आला आणि ओरडला, "अरे चाचा, ये तो नाच रहा है!"

नामदेवनं घडी मोडली. फडकं परत खांद्यावर.

*

पोळा झाला. शेठनी आरामाची गोष्ट काढली नाही, पण सोडलीही नव्हती. एक दिवस नामदेव लग्नाला गेला होता, अन् नेमका नागपूरकडचा एक ड्रायव्हर आला. "सलीमभाईच्या गाडीवर हाय ना, तसा मोर पाहिजे."

शेठ म्हणाले, "अनिल, तूच काढ." अनिलनं बटन दाबून मोर काढला. एकसारखा, गुळगुळीत, आरशासारखा! शेठ गल्ल्यावरून म्हणाले, "पाहा, किती साफ!"

ड्रायव्हरनं मोर इकडून पाहिला, तिकडून पाहिला. मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काका, मशीन नवीन हाय का?"

"हो, नवीनच म्हणा."

"तरीच! हात बसला नाही अजून तिचा. जराशी म्हातारी होऊ द्या, मंग येतो."