माना पाडणारी

“बसायला मी काय पावनी हाय व्हय?”

खुर्ची पुढं सरकवली की आक्काचं हे उत्तर ठरलेलं. टेंभुर्णीत माझं बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. गिऱ्हाइकांसाठी एक प्लास्टिकची खुर्ची ठेवलीय. तिच्यावर तालुक्यातले झाडून सगळे टेकून गेले, आक्का तेवढी राहिली. बशी हातात, फुंकर मारता मारता नजर फळीवरच्या डब्यांवर, आणि एक पाय पायरीच्या खाली, आत्ता निघाल्यासारखा. तिच्याकडे बघून मलाच दम लागायचा.

एकदा मी चिडून विचारलं, “आक्का, तुला घडीभर बसायला काय होतं गं?”

“बाप मेंढरांमागं हिंडला, आमी बापामागं,” ती म्हणाली. “पायांना थांबायचं शिकवलंच न्हाय कुणी.” आणि बशी ठेवून चालू पडली.

माहेर सांगोल्याकडचं, सासर आमच्या शेजारच्या गावचं. कांद्याच्या कामाची बायकांची टोळी तिच्या हाताखाली असायची. लावणी, खुरपणी, काढणी, सगळं टोळीचं. सकाळी पिकअप आला की सगळ्यात आधी आक्का चढायची, आणि तेही, उशिरा आला म्हणून ड्रायव्हरला सुनावत.

तुम्ही-आम्ही कांदा घेताना रंग बघतो, आकार बघतो. आक्का मान बघायची. पात जिथं कांद्याला मिळते ती मान. अंगठ्यानं दाबायची, बोट नाकाशी न्यायची आणि कांदा बाजूला टाकायची. मान वाळून मिटली असेल तर कांदा साठवणीच्या चाळीत महिनोन्‌महिने टिकतो. ओली असेल तर सडतो, आणि एकटा सडत नाही, शेजारच्या चारांना घेऊन जातो. हा नियम तिनं माणसांनाही लावला होता. माझ्या भाचीला बघायला आलेला मुलगा जाता जाता दुकानात चहा पिऊन गेला तेव्हा आक्का नेमकी पायरीवर होती. तो वळणावर जातो न जातो तोच म्हणाली, “वल्ली हाय अजून मान. इतक्यात चाळीत भरू नका.” आम्ही हसलो आणि लग्न लावून दिलं. मुलगा निघाला चांगला. तसं सांगितल्यावर आक्का म्हणाली, “वाळली आसंल मग.”

तर माना. कांदा पोसत आला की मान मऊ होते आणि पात आपोआप आडवी पडते. पण एखाद्या रानात पात हट्टानं ताठ उभी राहते आणि खाली कांदा वाढायचं नाव घेत नाही. मग पत्र्याचं रिकामं पिंप त्या पिकावरून लोटत नेतात. त्याला आमच्याकडे माना पाडणं म्हणतात. जोर जास्त झाला तर पात तुटते, कमी झाला तर सकाळी पुन्हा उभी. या कामात आक्काचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. पिंपासोबत ती अर्धी वाकून अशी चालायची की वाटावं, पिंपच तिला ओढत नेतंय.

मी दुकान टाकलं तेव्हा कांद्याचं बी विकत घेणाऱ्याला लोक येडा म्हणायचे. ज्याच्या त्याच्या छपरावर बियांचे गोंडे वाळत पडलेले असायचे. पाटाच्या कडेनं लसूण, परसात पांढरा कांदा. मग पाकिटातलं बी आलं, घरचं बी गेलं. पांढरा कांदा कधी गेला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. काही वर्षं तर माझी दर्शनी फळी नुसती कांद्याच्या बियांची होती, आणि मी खूष होतो, खोटं कशाला बोलू. मग धरणाचं पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला. कांद्याला भाव मिळेल का, पाऊस झोडपेल का, ही रोजची धाकधूक नकोशी झालेली माणसं एकेक करून उसाकडे वळली.

“उसाला ना मान ना मर्जी,” आक्का म्हणायची. “लावला की झोपला माणूस.”

ऊस तोडायला बाहेरून टोळ्या येतात. त्यात बायकांच्या खुरप्याला फारसं काम नाही. कांद्याचं एक रान उसाखाली गेलं की आक्काच्या टोळीतली एक बाई घरी बसायची. म्हणून ज्येष्ठ लागला की तिच्या फेऱ्या वाढायच्या. “भाऊ, औंदा कांद्याचं बी किती जणांनी नेलं?” मी नावं सांगायचो. ती बोटांवर मोजत ऐकायची आणि ज्यानं नेलं नाही त्याच्या वस्तीवर त्याच दिवशी पोचायची. “दोन वाफं तर ठेवा की. घरच्या कालवणापुरतं.” काहीजण तिला टाळायला मागच्या दारानं जायचे.

अशात एक पोरगा पुण्याची नोकरी सोडून गावी आला. आक्का त्याला इंजिनेर म्हणायची. वडील उसावर अडून बसलेले, याला काहीतरी वेगळं करायचं होतं. त्यानं माझ्याकडून लीकचं बी मागवलं. कांद्याच्या जाड पातीसारखी दिसणारी ही विलायती भाजी, पुण्याच्या हॉटेलांत तिचं सूप करतात. लावणी आक्काच्या टोळीनं केली. रोपाचा वास घेऊन ती इतकी खुलली की मला दुकानात येऊन सांगून गेली, “आपल्या कांद्याच्याच भावकीतलं हाय.”

मी सांगितलं, “आक्का, याला खाली कांदा धरत नाही.”

“तुजं आपलं कायतरीच. कांद्याची जात, पोसल्याबिगर ऱ्हाती व्हय?”

लीक वाढलं. मनगटाएवढ्या माना झाल्या, खाली कांद्याचा पत्ता नाही. आक्काच्या जिवाला चैन पडेना. येता-जाता एक उपटून बघायची, पुन्हा रोवायची. पोराचं हे पीक गेलं तर बापाचा ऊस येणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. पोरगा हॉटेलवाल्यांशी बोलायला पुण्याला गेला आणि आक्कानं पिंप बाहेर काढलं.

टोळीतली रुक्साना म्हणाली होती म्हणे, “आक्का, इंजिनेर येऊ दे की.”

“तो येईस्तवर हंगाम जाईल. मजुरी मागायची न्हाय कुणी. पोराचं काम हाय.”

पोरगा परतला तेव्हा अर्धा एकर लीक भुईसपाट होतं. त्यानं मला फोन केला, मी मोटारसायकल काढून गेलो. आक्का पिंपाला टेकून उभी होती, घामानं निथळत. चेहऱ्यावर समाधान.

“पाडल्या माना,” ती म्हणाली. “आता पोसंल.”

पोरगा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, “आक्का, याची मानच खात्यात.”

“मान खात्यात?”

“व्हय. मानेसाठीच लावलंय.”

आक्का पिंपापासून बाजूला झाली. पदर खोचून वाकली आणि एक लीक उभं करून बुडाला माती दाबली. मग दुसरं. मग बाकीच्या बायकाही वाकल्या. उन्हं कलेपर्यंत त्या ओळीमागून ओळ उभी करत होत्या आणि मागची ओळ पुन्हा कलंडत होती. मी आणि तो पोरगा बांधावरून बघत होतो.

वाकडं लीक हॉटेलवाल्यांनी घेतलं नाही. पुढच्या हंगामात त्या रानात ऊस लागला. त्याची पोरानं दहा कारणं सांगितली, पिंपाचं नाव काढलं नाही. आक्कानं न सांगता ते अकरावं धरलं. त्याच्या बांधावरून जाताना ती मान खाली घालायची, आणि हे मला बघवायचं नाही. चूक होती, मान्य. पण त्या रानासाठी तिच्याएवढा जीव कुणी टाकला होता?

मध्ये काही हंगाम गेले. गेल्या ज्येष्ठात आक्का दुकानात आली. दर्शनी फळीवर आता उसाच्या औषधांचे कॅन आहेत. कांद्याच्या बियांचे डबे खाली कोपऱ्यात गेलेत. तिनं फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मी बी नेणाऱ्यांची नावं जुळवून ठेवली होती, थोडीच होती. तिनं विचारलंच नाही.

“टोळीचं कसं चाललंय?” मीच विचारलं.

“टोळी कुटं ऱ्हायली. दोघी-तिघी चिंचोळीला कंपनीत जात्यात. रुक्साना शिलाई करती.” मग फळीकडं बघतच म्हणाली, “मला लेक बोलावती. सोलापूरला. तिसरा मजला हाय. नातवाला घिऊन बसायचं, दुसरं काम न्हाय म्हनती.”

मी चहा सांगितला. चहा आला, आणि आक्का खुर्चीवर बसली.

दोन्ही पाय जवळ घेऊन, बशी मांडीवर ठेवून, परक्या घरी बसावं तशी बसली. मी उठलो, कॅन उगाच इकडचे तिकडे करायला लागलो.

“बस की रं भाऊ,” ती म्हणाली. “कुटं निघालायस?”

मला बसवेना. तिनं चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला, बशी खाली ठेवली, गुडघ्याला हात देऊन उठली आणि स्टँडकडे गेली. त्यानंतर ती दिसली नाही.

खुर्ची अजून तिथंच आहे. गिऱ्हाइकं येतात, बसतात. मी चहा उभ्यानं पितो.